झिजलेल्या इनॅमलला पेप्टाइडचा उपयोग होतो का? सोलापूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

मी सोलापुरात दातांची प्रॅक्टिस करते. हल्ली पेशंट मोबाइलवर व्हिडिओ दाखवत विचारतात, मॅडम हे पेप्टाइडचं काहीतरी आलंय म्हणे, लावलं की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, परत येतं, आपल्याकडे पण करून द्या की. प्रत्येकाला खुर्चीत बसवून सगळं सांगणं होत नाही, बाहेर माणसं थांबलेली असतात, म्हणून इथं नीट लिहितेय. पुढचं वाचायच्या आधी एवढं लक्षात घ्या की पेप्टाइडचा फायदा दाताचा नुसता पांढरा डाग असतो तेव्हा. खड्डा पडला, किंवा इनॅमल झिजून आतला पिवळा भाग उघडा पडला, की त्याला करण्यासारखं फार थोडं उरतं. आणि आपल्याकडे बहुतेक जण नेमके तेव्हाच येतात.

इनॅमल एकदा गेलं की परत येत नाही असं शाळेत शिकलो होतो, मग हे नवीन काय?

शाळेत शिकवलं ते बरोबरच आहे. इनॅमल बनवणाऱ्या पेशी असतात, अमेलोब्लास्ट म्हणतात त्यांना, त्या दात हिरडीतून वर येईपर्यंतच असतात, नंतर संपतात. हाड मोडलं तर जुळतं कारण हाडात जिवंत पेशी आहेत, रक्त आहे, इनॅमलमध्ये यातलं काहीच नाही. वजनाच्या साधारण ९६ टक्के नुसतं खनिज, हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक, बाकी पाणी आणि चिमूटभर प्रोटीन. पण या खनिजाची ये-जा मात्र रोज चालू असते. तोंडातला पीएच (हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण साडेपाचच्या खाली गेला की खनिज विरघळायला लागतं, मग लाळ हळूहळू पीएच वर आणते आणि गेलेल्यातलं थोडं परत बसतं. पेप्टाइड मदत करतं ती या परत बसण्याला. नवीन दात उगवत नाही, नवीन इनॅमलही शरीर बनवत नाही.

पेप्टाइड म्हणजे नक्की काय असतं?

अमिनो अ‍ॅसिडची छोटी साखळी. हीच साखळी खूप लांब झाली की तिला प्रोटीन म्हणतात. आता गंमत अशी आहे की आपला दात जबड्याच्या आत तयार होत असतो तेव्हा अमेलोजेनिन नावाचं एक प्रोटीन आधी जाळी धरतं, त्या जाळीच्या आधारानं स्फटिक एका दिशेत ओळीनं वाढतात, आणि काम झालं की शरीर ते प्रोटीन काढून टाकतं. आपल्याकडे लूमवर आधी ताणा भरतात, मग आडवा धागा जातो, ताणाच नसेल तर धागा कुठं अडकणार, तसं. संशोधकांनी विचार केला की पूर्ण अमेलोजेनिन बनवणं अवघड आहे, तर त्याच्यासारखं काम करणारा छोटा तुकडा करून बघू. लाळेत कॅल्शियम, फॉस्फेट असतंच, त्याला बसायला जागा करून द्यायची, एवढंच पेप्टाइडचं काम.

दात झिजणं आणि दात किडणं एकच ना?

नाही, आणि सगळा घोळ इथंच होतो म्हणून जरा सविस्तर सांगते. किडताना बॅक्टेरिया साखर खाऊन आम्ल करतात, ते आम्ल इनॅमलच्या पृष्ठभागाच्या खाली शिरतं, वरचा पातळ थर बऱ्यापैकी शाबूत राहतो आणि आतून खनिज निघून जातं. बाहेरून खडूसारखा पांढरा डाग दिसतो, खास करून दात वाळवून बघितला तर. म्हणजे आतला सांगाडा अजून उभा असतो, फक्त पोकळ झालेला. तिथं पेप्टाइडचं द्रावण सोडलं तर ते आत झिरपतं आणि त्याला काम करायला जागा असते.

झिजताना, म्हणजे आम्लानं इरोजन होतं तेव्हा, बॅक्टेरियाचा संबंध नसतो. लिंबू, चिंच, कोल्ड्रिंक, नाहीतर पोटातून वर येणारं आम्ल थेट दातावर येतं आणि वरून थर थर उतरवत नेतं. आधी अगदी पातळ मऊ झालेला थर तयार होतो, तो अजून दातावर असेपर्यंत वाचवता येतो, पण तेवढ्यात तुम्ही जोरानं ब्रश फिरवला की तो गेलाच. गेलेल्या थराच्या जागी काही उरत नाही, सांगाडाच नाही तर खनिज बसणार कशावर? म्हणून कीडीच्या पांढऱ्या डागावरचे पेप्टाइडचे रिझल्ट दाखवून कोणी झिजलेल्या दाताला तीच गॅरंटी देत असेल तर सरळ विचारा की हे कशावरून. झिजेवरचं काम आजवर बहुतेक लॅबमध्येच झालेलं आहे.

मग कोणती कोणती पेप्टाइडं आहेत?

तीन नावं कानावर येतात.

सगळ्यात जास्त ऐकलेलं पी११-४. इंग्लंडच्या लीड्स युनिव्हर्सिटीतलं काम, अमालिया अग्गेली आणि जेनिफर कर्कहॅम यांच्या टीमचं. यात ११ अमिनो अ‍ॅसिड आहेत. पातळ असतं तेव्हा सुटे सुटे रेणू, म्हणून डागाच्या बारीक छिद्रांतून आत जातात, आणि आत गेल्यावर तिथल्या आम्लपणामुळं आणि क्षारांमुळं आपोआप एकमेकांना चिकटून तंतूंची जाळी होते, त्या जाळीवर कॅल्शियम धरलं जातं. नंतर एका स्विस कंपनीनं ते क्युरोडॉन्ट नावानं बाजारात आणलं. पहिली माणसांवरची छोटी ट्रायल २०१३ मध्ये ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये आली, १५ पेशंट होते. त्यानंतर बऱ्याच झाल्या, एकूण चित्र असं की फ्लोराइड वार्निशसोबत, म्हणजे क्लिनिकमध्ये दातावर लावतात त्या फ्लोराइडच्या लेपासोबत, लावलं तर सुरुवातीच्या डागांवर चांगला फायदा दिसतो. पण ट्रायल लहान आहेत, काहींना कंपनीचाच पैसा आहे, हेही मी पेशंटला सांगतेच.

दुसरं सीपीपी-एसीपी, हे आपल्याकडे टूथ मूस नावाच्या क्रीममध्ये मिळतं. मेलबर्न युनिव्हर्सिटीच्या एरिक रेनॉल्ड्स यांचं काम. दुधातल्या केसीनपासून काढलेले पेप्टाइडचे तुकडे कॅल्शियम आणि फॉस्फेटला धरून ठेवतात, त्यांचा लगेच साका होऊ देत नाहीत, त्यामुळं दाताच्या अगदी जवळ खनिजाचा साठा तयार राहतो. हे जाळी बांधत नाही, माल पोचवतं. पी११-४ पेक्षा काम करायची पद्धतच वेगळी, तरी लोक दोन्ही एकच समजतात.

तिसरं अमेलोजेनिनवरून बनवलेलं, अमेरिकेत वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत मेहमेत सारिकाया यांच्या गटाचं. २०१८ मध्ये त्यांनी दाखवलं की त्यांच्या पेप्टाइडनं डागावर १० मायक्रॉनचा नवीन खनिज थर बसला. व्हिडिओवाले हेच उचलतात आणि सांगतात की इनॅमल परत आलं. आता हिशेब करा, दाढेच्या टोकावर इनॅमल दोन मिलिमीटरच्या वर असतं, म्हणजे २००० मायक्रॉन, त्यात १० मायक्रॉन म्हणजे दोनशेवा भाग. संशोधन म्हणून फार मोलाचं आहे, पण तुमचा चार वर्षं लिंबू सोडा पिऊन झिजलेला दात त्यानं भरून येणार नाही.

मेंढीच्या लोकरीपासून दातांचं औषध केलंय असं ऐकलं, खरं का?

हो, लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या टीमनं २०२५ मध्ये केरॅटिनवर काम प्रसिद्ध केलं, लोकरीतून काढलेलं केरॅटिन दातावर थर धरतं आणि लाळेतलं कॅल्शियम ओढून घेतं. लॅबमधलं काम आहे. केरॅटिन हे अख्खं प्रोटीन, पेप्टाइड नाही, पण कल्पना तीच, आधी आधार द्या मग खनिज बसेल. आपल्या जिल्ह्यात धनगर समाजाच्या घोंगडीची लोकर आहे म्हणून मला या बातमीचं विशेष वाटलं. पण म्हणून कोणी लोकर जाळून दाताला राख घासू नका, एका पेशंटच्या आजींनी खरंच तसं विचारलं होतं.

क्लिनिकमध्ये कसं लावतात, दुखतं का?

दुखत नाही, ड्रिल नाही, इंजेक्शन नाही. दात स्वच्छ करायचा, वरची चिकट पातळ साय काढायची, मग काही सेकंद आम्लाचा जेल लावून छिद्रं उघडायची, धुवायचं, वाळवायचं, पेप्टाइडचा थेंब सोडायचा आणि पाचेक मिनिटं लाळ लागू द्यायची नाही. झालं. नंतरच्या काही नव्या प्रकारात आम्लाची पायरी लागत नाही. बरेच जण विचारतात की आम्लानंच दात गेला आणि परत आम्ल का लावता, तर ते मोजून आणि लगेच धुऊन टाकायचं असतं, जुन्या प्रकारात त्याशिवाय आत वाट मिळत नाही.

टूथ मूस घरी कसं वापरायचं?

रात्री ब्रश झाल्यावर, झोपायच्या आधी. वाटाण्याएवढं बोटावर घ्या, दातांवर फिरवा, तीन मिनिटं तसंच ठेवा, मग जिभेनं सगळीकडं पसरवून अजून एक-दोन मिनिटं तोंडात धरा आणि थुंका. चूळ भरू नका, पुढं अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. रात्री लाळ कमी येते म्हणून ते दातावर जास्त वेळ टिकतं. आणि हे टूथपेस्टच्या जागी नाही, टूथपेस्टनंतर आहे, हे लई जण विसरतात. फ्लोराइडवाली पेस्ट बंद करून फक्त क्रीम लावत बसलात तर तोटाच.

मग फ्लोराइडपेक्षा पेप्टाइड भारी का?

नाही. ज्याला एकच गोष्ट परवडते त्यानं फ्लोराइडची पेस्ट घ्यावी, दिवसातून दोनदा, आणि रात्रीचा ब्रश कधीच चुकवू नये. फ्लोराइड खनिजात बसलं की ते खनिज जास्त आम्ल सहन करतं, साध्या इनॅमलचं विरघळणं साडेपाचला सुरू होतं तर फ्लोराइडवाल्याचं साडेचारच्या आसपास. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइडला १००० पीपीएमची (दहा लाख भागांत हजार भाग) मर्यादा आहे, ट्यूबच्या मागं छापलेलं असतं, वाचून घ्या. आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. आम्लानं झीज झाली असेल तर स्टॅनस फ्लोराइडचा (कथिल असलेल्या फ्लोराइडचा) प्रकार साध्यापेक्षा जास्त चांगला. पेप्टाइड हे या सगळ्याच्या वरची भर आहे.

उन्हाळ्यात आमचं लिंबू सरबत, सोडा, पन्हं सुटत नाही. मग काय करायचं?

हे बंद करा म्हणून मी सांगणार नाही, चाळीसच्या वर पारा गेल्यावर सोलापुरात माणसाला काहीतरी गार लागतंच. पण कसं पिता त्यावर सगळं आहे. एक ग्लास सरबत जेवणासोबत पाच मिनिटांत संपवलं तर लाळ सावरून घेते. तोच ग्लास, नाहीतर कोल्ड्रिंकची बाटली, दुकानावर बसून दुपारभर घोट घोट घेतली तर दर घोटाला पीएच खाली, सावरायला वेळच नाही. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास, कोलाचाही तेवढाच. शुगर फ्री घेतलं म्हणून आम्ल कमी होत नाही. तोंडात धरून खुळखुळवू नका. पिऊन झाल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा, आणि अर्धा-पाऊण तास ब्रश नको. सकाळी उठून कोमट पाण्यात लिंबू-मध घेणारे नेमके लगेच ब्रश करतात, तो क्रम तेवढा बदला, आधी ब्रश मग लिंबू.

ताक मात्र बिनधास्त प्या. आंबट लागतं, पीएचही कमी असतो, पण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की दातातलं ओढून घ्यायला जागाच राहत नाही. दह्याचंही तसंच. आणि शेंगाचटणीला उगाच बदनाम करू नका, तिखट म्हणजे आम्ल नव्हे. चिंच चोखत बसणं हे मात्र वाईट, दात आंबतात म्हणतो ना आपण, ती तुमच्या इनॅमलची तक्रार असते.

मला अ‍ॅसिडिटी आहे, आंबट पाणी वर येतं. पेप्टाइड लावलं तर चालेल?

आधी अ‍ॅसिडिटीचं बघा, फिजिशियनकडे जा. पोटातलं आम्ल लिंबापेक्षाही कडक, आणि रात्री झोपेत वर आलं तर लाळ पण नसते. अशा पेशंटचे वरच्या पुढच्या दातांचे आतले भाग गुळगुळीत, पातळ झालेले दिसतात, आरशात त्यांना स्वतःला कधीच दिसत नाहीत, आम्हालाच आधी कळतं. मूळ कारण तसंच ठेवून वरून काहीही लावलं तरी महिन्याभरात तेच.

गरोदरपणात उलट्या होतात त्यांनाही हेच सांगते: उलटी झाल्यावर लगेच ब्रश नको, ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरायची. दिवसातून चार वेळा उलटी होऊन चार वेळा ब्रश करणाऱ्या बायका येतात, स्वच्छतेच्या काळजीनंच करतात बिचाऱ्या, आणि नऊ महिन्यांत दातांची पार वाट लागते.

घरात मिसरी लावतात. त्यावर पेप्टाइड चालेल का?

चालणार नाही, आणि मला यावर थोडं मनापासून बोलायचंय. बिडी वळणाऱ्या घरांत मिसरी इतकी रोजची आहे की बायका तिला व्यसन समजतच नाहीत, दात घासायची वस्तू समजतात. तो भाजलेला तंबाखू आहे. दिवसातून तीन-चार वेळा बोटानं घासल्यावर दात मानेपाशी झिजतात, हिरडी मागं सरकते, आणि कॅन्सरचा धोका तो वेगळाच. सुटत नाही पटकन, कारण निकोटिनची सवय लागलेली असते, रागावून तर अजिबात सुटत नाही. घरातल्या मावशींना, आजींना क्लिनिकला घेऊन या, एक एक वेळ कमी करत नेऊ. लाल दंतमंजन, कोळशाची पावडर, मीठ-लिंबू हे पण घासून इनॅमल खातात. दात पांढरे दिसतात ते थोडे दिवस, मग खालचा पिवळा दिसायला लागतो.

मुलाच्या दातावर पांढरे डाग आहेत, ते याच्यानं जातील?

डाग कसले त्यावर आहे. ब्रेसेस काढल्यावर ब्रॅकेटच्या भोवती खडूसारखी चौकट राहते, ते कीडीचे सुरुवातीचे डाग, तिथं फ्लोराइड आणि पेप्टाइड दोन्हीचा चांगला उपयोग. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर सगळ्या दातांवर सारख्या पांढऱ्या-तपकिरी रेषा येतात, तो फ्लोरोसिस, तो दात तयार होतानाच झालेला असतो, तिथं उपाय वेगळा. आणि काही मुलांच्या सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढा मुळातच कच्च्या, पिवळसर येतात, त्यांना लवकर दाखवा, थांबू नका. पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी, त्याहून जास्त नको.

कोलॅजन पावडर, पेप्टाइडच्या गोळ्या खाल्ल्या तर दातापर्यंत पोचतं ना?

नाही पोचत. पोटात गेलं की त्याचे तुकडे होऊन पचतं, आणि इनॅमलला रक्तपुरवठाच नाही तर पोचणार कुठून. जिममध्ये विकतात ती इंजेक्शनं तर दातांच्या नावाखाली घेऊच नका.

गार-गरम लागतं, शिवशिव होते. पेप्टाइडनं थांबेल?

शिवशिव म्हणजे बहुतेक वेळा इनॅमलच्या खालचं डेंटिन उघडं पडलंय, त्यातल्या बारीक नळ्यांतून गार थेट दाताच्या नसेपर्यंत जातं. टूथ मूसनं काहींना आराम पडतो, सेन्सिटिव्ह पेस्टनंही पडतो. पण आराम पडला म्हणजे दात भरला असं नाही. मानेपाशी खाच पडली असेल तर कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग, भरावं लागतं, दाढा सपाट झाल्या असतील तर ऑनले (दाढेच्या वरच्या भागावर बसवतात तो तुकडा) किंवा कॅप. ते लांबवत नेलं की रूट कॅनालवर जातं.

किती दिवसांनी फरक कळतो?

घाई नको. तीन ते सहा महिने धरा. लावायच्या आधी दात वाळवून फोटो काढून ठेवायला सांगा, दोन दातांच्या मधला डाग असेल तर बाइटविंग एक्सरे, आणि नंतर त्याच पद्धतीनं परत. डाग लहान होणं चांगलं, पण तेवढाच राहून चकचकीत, कडक झाला तरी ते यश आहे, कारण वाढायचा थांबला. खडूसारखाच राहिला किंवा खरखरीत लागला तर काम झालेलं नाही. शुगरचे पेशंट आणि बीपी, डिप्रेशनची काही औषधं घेणारे यांचं तोंड कोरडं पडतं, लाळ नाही तर खनिज येणार कुठून, त्यांच्यात फरक कमी दिसतो, औषधांची यादी सोबत आणा.

दुधाची अ‍ॅलर्जी आहे, आणि आम्ही शाकाहारी. काय चालेल?

दुधाच्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी असेल तर टूथ मूस बिलकुल नको, केसीन आहे त्यात. नुसतं दूध पचत नसेल, पोट बिघडत असेल, तर तो लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा, प्रश्न, तिथं सहसा अडचण येत नाही. शाकाहारी लोकांना दूध चालतं म्हणून क्रीम चालतं, दूध पण न घेणाऱ्यांना नाही. पी११-४ लॅबमध्ये बनवलेलं असतं, त्यात ना दूध ना प्राण्याचं काही.